रुमालाले तिकीट नाई

मायाबंदरला कसं जायचं हे आलापल्लीत एकाच माणसाला तोंडपाठ होतं, आणि तो माणूस स्वतः आयुष्यात बल्लारशाच्या पुढे गेलेला नव्हता. मायाबंदर म्हणजे अंदमानातलं, समुद्राच्या काठावरचं एक झोपाळू गाव. आलापल्ली म्हणजे सागवानाच्या जंगलातलं आमचं गाव. तिथून कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी समुद्र लांबच. हा माणूस माझा घरमालक. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणायचो. नाव सांगत नाही. सांगितलं तर ते मला फोन करतील, आणि भाऊंचा फोन अर्ध्या तासाच्या आत संपत नाही.

नोकरीतली बहुतेक वर्षं भाऊ बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसले. तिथे चौकशी लोकांनी करायची असते, पण भाऊ बसले की ती उलट्या बाजूने सुरू व्हायची.

"चामोर्शीची गाडी कधी आहे?"

"काऊन जाता चामोर्शीले?"

"साळ्याचं लगन आहे."

"वापस कधी येता?"

"पाहू न."

"पाहू न म्हंजे? पहिले वापसीची गाडी पहा, मंग जायची पहा. जाणं का, कोणालेबी जमते."

हा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्याकडे एक लांबट वही असायची, डाव्या पानावर जाण्याच्या गाड्या आणि उजव्या पानावर परतीच्या. कोणी मार्ग विचारला की भाऊ आधी उजवं पान भरायचे. परत येण्याची सोय लागली नाही तर डावं पान कोरं राहायचं आणि प्रवाशाने घरी बसावं असा त्यांचा सल्ला असायचा. याच्यामागे एक प्रकरण होतं. एका पावसाळ्यात भामरागडला गेलेली मुक्कामी गाडी पर्लकोटा नदीला पूर आल्यामुळे पाच दिवस तिकडेच मुक्काम करून राहिली. तिच्यात मुलगी पाहायला निघालेला एक मास्तर होता. पूर ओसरेपर्यंत तो मुलीच्याच घरी जेवला आणि आला तो लग्न ठरवूनच. मास्तर आजही सुखात आहे, पण भाऊ त्या घटनेचा उल्लेख वाहतुकीतला अपघात म्हणूनच करायचे.

मी वनविभागात कारकून. चार वर्षं भाऊंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिलो. अंगणात एकच संडास, आणि त्याच्या दारावर भाऊंच्या अक्षरात वेळापत्रक चिकटवलेलं. माझी वेळ सहा चाळीस, शेरा: 'थांबा पंधरा मिनिटे'. एकदा पोट बिघडलं म्हणून मी अवेळी डबा घेऊन पळालो, तर ओसरीवरून आवाज आला, "जादा गाडी आहे का?" पौर्णिमेला भाऊ पांढरा सदरा घालून विहारात जायचे. तिथेही वंदना दोन मिनिटं उशिरा सुरू झाली की त्यांचा हात मनगटाकडे जायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वेळ पाळायला लावायला घरात मी एकटाच उरलो होतो, आणि ती कसर ते माझ्यावर पुरेपूर काढत.

पण भाऊंचं खरं युद्ध होतं ते रुमालांशी. बाजाराच्या दिवशी बस फलाटाला लागण्याआधीच खिडक्यांमधून रुमाल, टोप्या, पिशव्या, एकदा तर एक कोंबडी, असं सगळं आत पडायचं. ज्याचा रुमाल, त्याची जागा. हा आपल्याकडचा कायदाच. भाऊंना तो मान्य नव्हता. ते खिडकी सोडून बसमध्ये चढायचे, सगळे रुमाल गोळा करून खाली टाकायचे आणि परत येऊन भोंग्यावरून ओरडायचे, "रुमालाले तिकीट नाई! ज्याले बसाचं आहे त्यानं बूड घेऊन या!" बायाबापड्यांसमोर असं बोलू नये, म्हणून वरून समज आली, तेव्हा त्यांनी 'बूड' हा शब्द काढून 'स्वतःले' घातला, आणि ते वाक्य बाईमाणसांना आणखीच वाईट वाटलं. एका पुढाऱ्याची टोपी त्यांनी सापडलेल्या वस्तूंत जमा करून टाकली. पुढारी न्यायला आला नाही. ती टोपी पुढे स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेली आणि गरम किटली उचलायच्या कामी लागली.

टपरी मासीची. मासी म्हणजे मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावातली विधवा बाई, पासष्टीची. वयाच्या सहा-सात वर्षांपासून इकडेच वाढलेली, त्यामुळे बोलायची अगदी आमच्यासारखंच. भाऊंचं एक गुपित मला तिनेच सांगितलं.

"तुह्या घरमालकाले गाडी लागते, माहीत आहे का?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण खरं होतं. भाऊ लागले होते कंडक्टर म्हणून. पहिल्याच आठवड्यात सिरोंचाच्या गाडीत त्यांचं डोकं प्रवाशांपेक्षा जास्त वेळ खिडकीबाहेर होतं. तिकिटं फाडायची राहायची आणि गाडीतल्या बायाच त्यांना लिंबू हुंगायला द्यायच्या. शेवटी साहेबांनी दया येऊन त्यांना चौकशीत बसवलं. बल्लारशापर्यंत गेले ते स्वतःच्या लग्नाला, आणि मांडवात पोचले तेव्हा नवरदेव हिरवा पडलेला होता. म्हणजे ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याला गाडीत बसवलं, त्याला स्वतःला गाडी सोसत नव्हती. हे कळल्यापासून मला ते थोडे जास्तच आवडायला लागले, आणि त्यांना चिडवायला एक नवं साधन मिळालं.

निवृत्त झाल्यावर भाऊंनी खुर्ची उचलून मासीच्या टपरीशेजारी मांडली आणि चौकशी तशीच चालू ठेवली. पोरं मोबाईल दाखवायची की सगळं यात कळतं. भाऊ म्हणायचे, "रस्त्यावर ट्रक उलटला, आष्टीपासून जाम आहे, हे सांगते का तो? मले सांगते. तिकडून आलेला ड्रायव्हर सांगते." त्यांचा चहा मासीकडेच, सकाळी दोन आणि दुपारी दोन. दोघं बोलत फारसं नसत. ती भांडी घासायची, हे वहीत लिहायचे. गावात जे बोललं जायचं ते बोललं जायचं. मीही त्यात थोडी भर घातली आहे, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी मासीने किटली खाली ठेवली आणि विचारलं, "भाऊ, मायाबंदरले कसं जाते?"

भाऊंनी सवयीने विचारलं, "काऊन जाता?" आणि मासीने सांगितलं.

तिची एक बहीण होती, दहा वर्षांनी मोठी. कुटुंब सीमेपलीकडच्या बंगालातून उठून निर्वासितांच्या कॅम्पात आलं तेव्हा बहिणीचं नुकतंच लग्न झालेलं होतं. कॅम्पात याद्या लागल्या. दिदीच्या सासरचं नाव जहाजाच्या यादीत आलं, हिच्या बापाचं ट्रकच्या. ते अंदमानात गेले, हे चांद्याच्या जंगलात आले. त्यानंतर भेट नाही. आत्ता कुठे दिदीच्या मुलाने, म्हणजे हिच्या भाच्याने, हिचा फोन नंबर शोधून काढला होता.

"मंग व्हिडिओवर बोला न," मी म्हणालो.

"बोलते न रोज. पण दिदीले आता दिसत नाई. डोळे गेले तिचे. ती म्हणते, आवाज येऊन राह्यला, पण तोंड कुठी आहे तुहं? हात लावून पाहाचं आहे तिले." मासीने पदराने किटलीचा दांडा पुसला. "ती लय थकली, भाऊ. लवकर जावं लागते."

भाऊंनी वहीत नवं पान उघडलं आणि उजव्या बाजूला लिहिलं, 'मायाबंदर ते आलापल्ली'.

पुढचा महिना आमच्या टपरीवर अंदमानाशिवाय विषय नव्हता. मासीचा मुलगा हैदराबादला फरशी बसवायच्या कामावर. तो फोनवरून म्हणाला, विमानाने जा. भाऊंनी विमानाचा अभ्यास केला आणि शेरा मारला, "विनाथांबा गाडी आहे. मधात माणसाले उतराचं मन झालं तं का करन?" मग कळलं की पोर्ट ब्लेअरहून मायाबंदरला हेलिकॉप्टरही जातं. पण त्यात मोजकी माणसं, आणि ढग आले की तेही जात नाही. भाऊ म्हणाले, "ढगाले भेते ती गाडी कायची?" पोर्ट ब्लेअरहून एखादी बोटही मिळते, पण ती कधी निघेल हे भाच्यालाही सांगता येईना. राहिलं चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाणारं मोठं जहाज. समुद्रात तीन दिवस. त्याचं पक्कं वेळापत्रकच नाही, तारीख आयत्या वेळी जाहीर होते आणि मागेपुढेही होते, हे ऐकल्यावर भाऊंना रात्री झोप लागली नसावी. सकाळी दाढी न करता टपरीवर आले. इतक्या मोठ्या गाडीला वेळ नाही, ही गोष्ट त्यांच्या पचनी पडत नव्हती.

एकच गोष्ट त्यांना पटली. पोर्ट ब्लेअरहून मायाबंदरला पहाटे सरकारी बस सुटते. मध्ये राखीव जंगल लागतं, तिथे सगळ्या गाड्या पोलिसांच्या गाडीमागे रांगेने जातात, थांबायला बंदी.

"हे तं आपल्या इकडल्यासारखंच झालं," भाऊ समाधानाने म्हणाले.

भाचा पुढे म्हणाला की वाटेत खाडी आहे, तिथे बस माणसांसकट बोटीवर चढते. भाऊंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. "पोरगं लबाड बोलून राह्यलं," ते मला म्हणाले. आपल्याकडे नदीला पूर आला की माणसं उतरतात, डोंग्यातून पलीकडे जातात, पलीकडून दुसरी गाडी येते. गाडीच डोंग्यात बसते, हे त्यांनी वहीत लिहिलं नाही.

सगळे पर्याय मांडून झाल्यावर भाऊंनी मासीला विमानच सुचवलं. स्वतःच्या तत्त्वाच्या विरुद्ध. वेळ महत्त्वाची आहे, म्हणाले. मासीने नकारार्थी मान हलवली.

"दिदी जहाजानं गेली. मी किनाऱ्यावरबी नव्हती तवा, ट्रकात बसून होती. मी जहाजानंच जाईन."

भाऊंनी वहीतलं विमान खोडलं. प्रश्न एवढाच होता की सोबत कोण जाणार. तारखेचा भरवसा नाही, मुलाला इतके दिवस सुट्टी नाही, आणि मासीला वाचता येत नव्हतं. मी इकडे तिकडे पाहत होतो. भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "मी चाललो. नियंत्रक म्हणून."

मी मोठ्याने हसलो. टपरीवरचे सगळेच हसले. "भाऊ, काळ्या पाण्यावर चालले! गुन्हा कोणता केला?" असं जो तो विचारायचा.  संध्याकाळी ओसरीवर मी जरा गंभीरपणे विचारलं, की तुम्हाला आष्टीचं वळण सोसत नाही, जहाज कसं सोसणार. त्यांनी वहीतून मान वर केली नाही.

"तिनं माह्यासाठी किती वर्षं बिनासाखरेचा चहा वेगळा ठेवला, माहीत आहे का तुले?"

निघायच्या दिवशी बल्लारशापर्यंत मी सोबत गेलो. भाऊंकडे पिशवीभर लिंबं, ओव्याची पुडी आणि वही. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केलेली. आष्टी यायच्या आतच भाऊंचं सुरू झालं. मासीने एका हाताने त्यांचं कपाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिकची पिशवी. ती अगदी निवांत होती. गोंडपिपरीला मी म्हणालो, "भाऊ, अजून परत फिरू. पुढे समुद्र आहे."

त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "समुद्रात वळणं नसतात."

चेन्नईहून एक फोन आला, 'जहाज दोन दिवस लेट', त्यात भाऊंचा संताप ऐकू येत होता. नंतर मासीच्या भाच्याचा एक निरोप, की पोचले. मग काही नाही. टपरी बंद, खुर्ची रिकामी. लोक सवयीने तिथे थांबायचे, इकडे तिकडे पाहायचे आणि मग माझ्याकडे येऊन विचारायचे की सिरोंचाची गाडी कधी आहे. मी सांगायचो, मला ठाऊक नाही. घरी मी संडासात हवा तेवढा वेळ बसू शकत होतो, आणि त्यातही काही मजा येत नव्हती.

महिनाभराने भाऊ बसमधून उतरले. निम्मे झाले होते. सोबत मासी नव्हती. मी पिशवी घेतली, आणि त्यांनी घरापर्यंत एकच वाक्य उच्चारलं, "गाडी बारा मिनिटं लेट."

हकीकत ओसरीवर, चार-पाच दिवसांत तुकड्यातुकड्याने बाहेर आली. जहाजावर तीनही दिवस भाऊ आडवे होते. समुद्र कसा होता, असं मी विचारलं तर म्हणाले, "बकेट निळी होती." मासी त्यांना भात भरवायची आणि वर जाऊन पाणी पाहून यायची. खाली येऊन सांगायची की अजून काहीच दिसत नाही. पण पुढच्या बसची गोष्ट सांगावी ती भाऊंनीच. पोरगं खरंच बोललं होतं. ड्रायव्हरने गाडी सरळ बोटीवर घातली. "गाडी उभी अन् डोंगा चालते! अन् मले काई झालं नाई. उतरून चाकं पाहून आलो मी." ही गोष्ट त्यांनी गावात प्रत्येकाला सांगितली. पर्लकोट्यावर असंच करा म्हणून अर्जही लिहिला.

दिदी अंगणात खाट टाकून बसली होती. मासी पुढे गेली. दिदीने आधी तिचे हात चाचपले, मग खांदे, मग चेहरा. कपाळापासून हनुवटीपर्यंत, पुन्हा कपाळापासून.  कितीतरी वेळाने दिदीने बाजूला हात लांब केला तर तिथे भाऊ उभे. तिने त्यांचेही गाल चाचपले, नाक ओढून पाहिलं आणि बंगालीत विचारलं, हा कोण. मासी म्हणाली, "एसटीवाला." दिदी हसली. भाऊ मला म्हणाले, "गालावर अजून हात आहे असं वाटते, पाह्य." आणि त्यांनी गालावरून स्वतःचा हात फिरवला.

आठ दिवस भाऊ तिथे राहिले. सकाळी मासी दिदीचा हात धरून तिला समुद्रावर न्यायची, भाऊ मागून चालायचे. आठव्या संध्याकाळी मासीने सांगितलं, "भाऊ, मी नाई येत वापस. तिले आता हात धराले मी पायजे."

"मंग तुम्ही काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी म्हणलं, वहीत लिहून आहे वं. दोन सीटा लिहून आहे."

मासी भात वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी भाऊ बसच्या वेळेआधी बरेच लवकर स्थानकावर गेले. बस लागली तशी त्यांनी खिडकीतून हात घातला आणि पुढच्या बाकावर रुमाल टाकला. आयुष्यात पहिल्यांदा. मग स्वतः शेजारी जाऊन बसले. मासी आली, दिदीला हाताशी धरून. तिने खिडकीतून एक लिंबू दिलं. बस सुटली.

"पुढे रंगत नावाच्या गावाले एक पोट्टा चढला. म्हणे, चाचा, रुमाल हटाओ. मी म्हणलं, बाई आनेवाली है. कंडक्टर आला, त्यालेबी तेच सांगतलं. बोटीवर गाडी चढली तवाबी मी उतरलो नाई. उतरलो असतो तं कोणी बसलं असतं न."

 चिडवायची सवय, माझ्या तोंडातून निघूनच गेलं.

"म्हणजे पोर्ट ब्लेअरपर्यंत दिवसभर सीट रिकामी? भाऊ, रुमालाले तिकीट नाई न?"

भाऊंनी वही मिटून मांडीवर ठेवली.

"होतं," ते म्हणाले. "दोन तिकिटं काढली होती मी."